तोंड भिंतीकडे

३ ऑगस्ट २०२३, गुरुवार

आज धुरपताबाई नातीला घेऊन शाळेत आल्या. नात म्हणजे तृप्ती, आमच्याच शाळेची. दहावीत असताना दर आठवड्याला काही ना काही दाखला मागून माझं डोकं खायची. आता नागपूरला नर्सिंगला नंबर लागलाय, राखीव जागेवर. जात पडताळणीचा अर्ज भरल्याची पावती कॉलेजात पंचवीस तारखेपर्यंत द्यायची आहे आणि अर्जाला १९५०च्या आधीचा कागद लागतो. त्या काळात त्यांच्या घरातल्या एकाच माणसानं शाळा पाहिली, तृप्तीचे आजोबा मंगरू. १९४७ला आमच्या शाळेत पहिलीत नाव घातलं, दोन वर्षांनी काढलं. छप्पन्नला घर बौद्ध झालं. त्याच्या आधीची, ‘जात महार’ लिहिलेली तेवढी एकच ओळ त्यांच्याजवळ आहे, आणि ती आमच्या दाखल-खारीज रजिस्टरात.

“तेवढं एक पान द्या बाई,” धुरपताबाई म्हणाल्या. “बुढा गेला, पण नाव तं हाय ना तुमच्या इथं?”

मी म्हटलं, हाव, आहे ना. उद्या या.

खरं म्हणजे रजिस्टर आता नाही. २०१९च्या पावसात कपाटावरची कौलं फुटून त्याचा लगदा झाला, उरलेलं वाळवीनं खाल्लं. पण जुने मुख्याध्यापक गोपीचंद सर यांनी २०१४च्या उन्हाळ्यात त्याचं पान न् पान स्कॅन करून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलंय. त्याच भरवशावर मी ‘उद्या या’ म्हटलं. अकरा वर्षं झाली मला या शाळेत लिपिक म्हणून, कॉम्प्युटरला हात लावणारी मी एकटीच, त्यामुळे ऐटही थोडी आलीच.

४ ऑगस्ट, शुक्रवार

फोल्डर उघडेना. ‘तुम्हाला परवानगी नाही.’ मी डोक्याला हात लावला, कारण मला ते माहीत असायला हवं होतं. ते फोल्डर सरांच्या खात्यात आहे आणि त्या खात्याचा पासवर्ड सरांच्या डोक्यात.

सर २०१६ला निवृत्त झाले. चार्ज देताना किल्ल्या, शिक्के, प्रयोगशाळेतला सांगाडासुद्धा मोजून दिला. पासवर्ड दिला नाही. त्यांच्या वेळी लोक यायचे, जुन्या नोंदीत एखादा शब्द बदलून द्या म्हणायचे. कोणी गोडीनं, कोणी दम देऊन. सर म्हणायचे, रजिस्टर म्हणजे गेलेल्या माणसाचा जबाब, त्यात जिवंत माणसानं हात घालू नये. म्हणून त्यांनी ती पानं कुलपात टाकली. निवृत्तीनंतरही कोणाला नक्कल लागली की त्यांना निरोप जायचा. ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “तोंड भिंतीकडे!” मग आम्ही सगळे, आताच्या मुख्याध्यापिका रेणू मॅडमसुद्धा, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे. मागे बटणांची टकटक व्हायची. “फिरा” म्हटलं की पान पडद्यावर. मला फार हसू यायचं तेव्हा.

शेवटचे येऊन दोन वर्षं झाली असतील. सोमवारी जाते त्यांच्या घरी.

७ ऑगस्ट, सोमवार

म्हाताऱ्याचा अहंकार काही कमी झालेला नाही!

गेल्या गेल्या मला म्हणाले, “या, शकुंतलाबाई.” शकुंतलाबाई म्हणजे माझ्या आधीच्या लिपिक. त्यांच्या हातचं काम किती चोख होतं हे ऐकवायची सरांची जुनी सवय, पण सरळ त्यांच्या नावानं हाक म्हणजे टोमण्याची हद्द झाली. मी हसून घेतलं. चहा झाला. तृप्तीचं सगळं सांगितलं. सर नीट ऐकत होते, मंगरूचं नाव निघालं तर म्हणाले, “एकशे बारावं पान. खालून तिसरी ओळ.” पानाचा नंबर पाठ! मग म्हटलं, सर, पासवर्ड तेवढा सांगा.

“सांगायचा नसतो. मी येऊन टाकतो.”

“मग आज चलता? स्कूटी आहे माझी.”

खिडकीबाहेर पाहत बसले. मग विचारलं, “चहा घेता ना?” मी म्हटलं, आत्ताच झाला सर. तरी बायकोला, जनाकाकूंना, हाक मारून दुसरा चहा करायला लावला. म्हणजे उठा म्हणायचं नाही आणि कामाचंही बोलायचं नाही, ही यांची रीत. उद्या येतो म्हणाले.

९ ऑगस्ट, बुधवार

काल आले नाहीत. आज मी परत गेले. जनाकाकूंनी फाटकातच अडवलं. “झोपले हायत. तुमी रोज रोज नोका येऊ बाई, त्यायले तरास होते.” आत सर खुर्चीत बसलेले मला स्वच्छ दिसत होते. झोपले म्हणे! इतक्या वर्षांच्या ओळखीचं हे मोल. मला इतका राग आला की स्कूटी सुरू करताना पायच घसरला.

तृप्तीचा बाप अंकुश राइस मिलमधलं काम टाकून दोन दिवस तहसीलात फिरला. जन्माची नोंद, गावच्या जन्ममृत्यूचं जुनं कोतवाल बुक, काही सापडलं नाही. म्हणजे आता आमचंच पान. आज धुरपताबाई चार तास व्हरांड्यात बसून होत्या. आत या म्हटलं तर येईनात. “तुमचं चालू द्या बाई, मी अशीच बसली हावो.”

११ ऑगस्ट, शुक्रवार

सरांशिवाय जमवायचं असं ठरवलं. कॉम्प्युटर शाळेचा, मी शाळेची, आणि माझ्या खात्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत. बसवणाऱ्यानंच दिले होते. मग कोणाच्या पाया कशाला पडायचं?

यूट्यूबवर एक मुलगा हिंदीत छान समजावतो. खाली त्यानं दोन स्क्रिप्टा दिल्यात. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी. कॉम्प्युटर ती वरून खालपर्यंत पाळतो, मध्ये काही विचारत नाही. साधं दोनदा दाबून चालवली तर ‘परवानगी नाही’. उजवं बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केलं की एकच पाटी येते, बदल करू द्यायचे का? ‘हो’ म्हटलं की मोकळं. पहिली स्क्रिप्ट फोल्डरची मालकी आपल्या नावावर करते.

काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं भराभर वर गेली. फोल्डर उघडलं! आत सगळी पानं ओळीनं, एक ते चारशे सहा. नावं हिरव्या रंगात होती, बाकीच्या फायलींची काळी असतात. हिरवं म्हणजे सगळं ठीक असणार. एकशे बारा नंबरावर दाबलं तर परत तेच, परवानगी नाही. फोल्डर माझं झालं पण पानं नाहीत. तरी अर्धं काम झालं. उद्या दुसरी स्क्रिप्ट.

१२ ऑगस्ट, शनिवार

सकाळची शाळा. सगळे गेल्यावर बसले. दुसरी स्क्रिप्ट कोणत्याही खात्याचा पासवर्ड बदलून देते, जुना माहीत नसला तरी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली. दोन सेकंद लागले. इतके दिवस ज्याच्यासाठी फाटकात उभी राहिले ते दोन सेकंदांत! सरांच्या खात्याला मी माझा पासवर्ड दिला आणि सरांच्या नावानं आत शिरले. पडद्यावर शाळेच्या जुन्या इमारतीचा फोटो, समोर सर उभे. क्षणभर चोरट्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू.

एकशे बारा. उघडेना. एक नंबर, उघडेना. सगळी पाहिली. आता आपण सर आहोत, तरी ‘परवानगी नाही’. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तीनदा. मग वाटलं, नऊ वर्षांचा डबा आहे, फायलीच खराब झाल्या असतील.

१४ ऑगस्ट, सोमवार

रेणू मॅडमना सांगितलं की पानं उघडत नाहीत. स्क्रिप्टांचं सांगितलं नाही. उगाच ‘कोणाला विचारून?’ होतं.

तृप्ती आली होती. म्हणाली, “मॅडम, हॉस्टेलचा फॉर्म भरू का थांबू?” मी म्हटलं, भर. का म्हटलं असेन मी?

१७ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं, पण झोप लागणार नाही.

रेणू मॅडमनी मला न सांगता सरांच्या घरी गाडी पाठवली. अकरा वाजता सर दारात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मॅडम म्हणाल्या, “सरिता, सर आले बघ, आता होऊन जाईल सगळं.” व्हरांड्यातून धुरपताबाई, तृप्तीही आत आल्या. चार शिक्षक दारात. आणि मला कळलं की सर आता त्यांचा पासवर्ड टाकणार आणि तो लागणार नाही, कारण मी तो बदलला आहे.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य. मनात म्हटलं, तशाही फायली खराबच आहेत, सरांचा पासवर्ड लागला काय आणि न लागला काय, काय फरक पडतो? आणि एवढ्या लोकांसमोर कसं सांगायचं? नोटीस निघेल, संस्थेपर्यंत जाईल.

सर खुर्चीत बसले. मॅडमच हसून म्हणाल्या, “चला, तोंड भिंतीकडे!” आम्ही सगळे फिरलो. धुरपताबाईंना तृप्तीनं हाताला धरून फिरवलं. टकटक झाली. न अडखळता, एका दमात.

सर ‘फिरा’ म्हणालेच नाहीत.

परत टकटक. तीच, तेवढीच. मग तिसऱ्यांदा. मग काहीच नाही. शेवटी मॅडम आपणच फिरल्या. पडद्यावर होतं, पासवर्ड चूक आहे. सर हात मांडीवर ठेवून बसले होते, पडद्याकडे पाहत. “हेच होतं,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “हेच होतं ना?” ते मलाच विचारत होते असं वाटलं.

दारातले शिक्षक आपोआप पांगले. मॅडम म्हणाल्या, वय झालं सर, होतं असं. धुरपताबाईंनी पाण्याचा पेला आणून दिला. सरांनी तो हातात धरून ठेवला, प्याले नाहीत. मी अजूनही भिंतीपाशीच होते. माझी मला इतकी लाज वाटली की सर गाडीत बसले तेव्हा त्यांना पोचवायला बाहेरही गेले नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

शाळा सुटल्यावर सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीनं भंडाऱ्याला नेला. कमलेशकडे. बसस्टँडमागे त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, शाळेची कामं तोच करतो. म्हटलं, खराब फायली निघतात का बघ.

त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “खराब कुठं हायेत? हिरवं नाव म्हणजे कुलपातली फाइल. पासवर्ड कोणी बदलला?”

मी म्हटलं, मी. स्क्रिप्टनं.

“असं कायले केलं ताई? सरांनी स्वतः बदलला असता तं कुलपानं नवा पासवर्ड ओळखला असता. तुम्ही अ‍ॅडमिन बनून वरून बदलला. आता ते कुलूप विचारून राहिलं, हा माणूस कोण? साध्या रस्त्यानं केलं असतं तं मोठी पाटी आली असती, फायली जातील म्हणून. स्क्रिप्ट पाटी दाखवत नाही.”

“मग गेल्या?”

“नाही ना! जुना पासवर्ड परत घाला त्या खात्याला. जशाच्या तशा उघडतीन. जुना कोणाले माहीत हाय?”

मी स्टुलावर बसून घेतलं. कमलेश विचारत राहिला, पाणी देऊ का ताई, काय झालं. काय सांगू? जुना पासवर्ड परवा माझ्या पाठीमागे तीनदा टाकला गेला. पाच हातांवर. आणि आम्ही सगळे भिंत पाहत होतो.

२० ऑगस्ट, रविवार

सकाळीच सरांच्या घरी. या वेळी जनाकाकूंनी अडवलं नाही. फाटकाशीच रडू लागल्या.

“दोन वर्षं झाले बाई. नावं इसरतेत. एखाद दिवशी घरी यायचा रस्ता इसरतेत. लोकायले सांगू नको म्हणे, म्हणून मी कोणाले बोलली नाही. त्या दिवशी गाडी आली तं मी जाऊ नोका म्हटलं. तं टेबलावर बोटं मारून पाह्यलं त्यायनं. म्हणे, जमते. जना, हे जमते. किती खूश होऊन गेले बाई!”

शकुंतलाबाई. दुसरा चहा. खिडकीबाहेर पाहणं. मी कपाळकरंटी, सगळं समोर होतं आणि मी टोमणे मोजत होते.

सर आत बसले होते. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तुमचा पासवर्ड बरोबर होता सर, मी बदलला होता, म्हणून मशीननं नाही म्हटलं. तुम्ही विसरला नव्हता.

त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. “चांगल्या मनाची आहेस,” म्हणाले. “मनाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली. पण खोटं नको बोलू. मशीन कायले खोटं सांगंल? त्याले माझ्यासंगं काय दुश्मनी?”

“सर, शपथ घेते.”

“मले वाटलं होतं, बाकी गेलं तरी तेवढं हातात हाय.” त्यांनी बोटं उघडून पाहिली. “नाही.”

मी कमलेशकडून आणलेला कीबोर्ड पुढे ठेवला. सर, एकदा टाका. माझ्यासाठी. त्यांनी हात मागे घेतले. जनाकाकूंनी समजावलं तेव्हा एका बोटानं शोधत शोधत काही दाबलं आणि मध्येच थांबून विचारलं, “पुढे काय?”

२२ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज मिळून एकसष्ट शब्द घालून पाहिले. त्यांच्या आईचं नाव, मुलांची नावं, शाळेचं साल, गावातल्या तलावाचं नाव, निवृत्तीची तारीख. प्रत्येक वेळी खात्याला तो शब्द द्यायचा, सरांच्या नावानं आत जायचं, एकशे बारावर दाबायचं. कमलेश फोनवर म्हणाला, असं तं जन्म जाईल ताई.

टकटक किती वेळा झाली होती? दहा? बारा? डोळे मिटून ऐकते तर कधी नऊ येते, कधी तेरा.

रेणू मॅडमनाही सगळं सांगून टाकलं. लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला आणि घडी करून मलाच परत दिला. “कशाला अंगावर ओढून घेतेस? आम्ही सगळे होतो तिथे. सरांना आठवलं नाही, संपलं.” मी स्क्रिप्ट, कुलूप, समजावत बसले. त्या म्हणाल्या, “मला यातलं कळत नाही सरिता. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढं मला पुरे.”

डोळ्यांनी म्हणे! तोंड भिंतीकडे होतं तुमचं. हे ओठांपर्यंत आलं होतं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पंचवीस.

सकाळी मॅडमनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. ‘माजी मुख्याध्यापकांना संकेतशब्दाचे विस्मरण झाल्यामुळे १९४७ची नोंद उघडता येत नाही, सबब नक्कल देता येत नाही.’ हे पत्र अर्जाला लावून पाहा, म्हणजे निदान विचार तरी होईल, असं मॅडमनी अंकुशला सुचवलं होतं. मी म्हटलं, कारण खोटं आहे, हे मी टाइप करणार नाही. मॅडम म्हणाल्या, मग दुसऱ्याकडून करून घेते, पण पोरीचा आजचा दिवस जाईल. मी टाइप केलं.

सरांची सही हवी होती. ते जनाकाकूंचा हात धरून स्वतः आले. तृप्ती, धुरपताबाई, अंकुश, सगळे उभे. सरांनी पत्र वाचलं, दोनदा. सही केली. मग उठून धुरपताबाईंसमोर हात जोडले. “माय, माफ कर. तुझ्या घरच्याचं नाव मी सांभाळून ठेवलं होतं. माझ्याकडूनच हरवलं.”

मला राहवेना. मी मोठ्यानं म्हटलं, “सरांचं काही चुकलं नाही! मी केलंय हे. सरांचा पासवर्ड बरोबर होता, मी त्यांच्या खात्यात घुसून बदलला. धुरपताबाई, तुमचं पान माझ्यामुळे गेलं.”

अंकुश खाली पाहत राहिला. तृप्तीनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. धुरपताबाईंनी आधी सरांचे जोडलेले हात सोडवले. मग माझ्यापाशी आल्या आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कपाळाशी मोडली.

“पाहा वं तृप्ते,” त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या माणसाची लाज राखाले बाई कशी सोताच्या अंगावर घेऊन राहिली. अशी बाई व्हय बरं तू.”

सरही मान हलवत होते. मॅडमनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि त्याच्यावर शाळेचा शिक्का मीच मारला.